चार मंडळं, सात माणसं

अर्ज उर्दूत होता आणि पहिल्या दहा रकान्यांत गिरिधर मास्तरांनी एकही खोटं अक्षर लिहिलं नव्हतं.

जालन्याच्या स्टेशन रस्त्याला, बंद पडलेल्या कापसाच्या जीनच्या गोदामात त्यांनी डोळे तपासायला आणि चष्म्याचे नंबर काढायला शिकवणारी शाळा काढली होती. तिला दुसरं वर्ष सरत आलं होतं. विद्यार्थी सात, खोल्या दोन, अक्षरांचे तक्ते तीन, विहीर एक. हे सगळं मास्तरांनी जसंच्या तसं लिहिलं. सरकारची मंजुरी मिळाली तरच विद्यार्थ्यांच्या सनदेला अर्थ येणार होता, नाहीतर तो नुसता जाड कागद. अकराव्या रकान्यात विचारलं होतं : शाळेत विद्यार्थ्यांच्या अंजुमन किती? अंजुमन म्हणजे मंडळं. मास्तरांचा टाक हवेतच थांबला.

"एकही नाही, असं लिहा की," त्यांच्या पत्नी रमाबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या.

"वाईट दिसतं ते. वरचं सगळं आधीच थोडंथोडं आहे."

"मग एक लिहा."

"एक लिहिलं तर मुद्दाम लिहिल्यासारखं वाटतं. दोन लिहिली तर त्यांचं आपसांत भांडण आहे असं वाटेल. आणि तीन तर लिहायचीच नाहीत. तीन तिगाडा, काम बिगाडा."

अशा रीतीने, अगदी विचारपूर्वक, मास्तर चारवर आले. वादविवाद मंडळ, कसरत मंडळ, सेवा मंडळ आणि नाट्य मंडळ. शेजारी सदस्यसंख्येचा रकाना होता. तिथे त्यांनी पंधरा, बारा, नऊ आणि वीस असे आकडे भरले. सारखेच आकडे लिहिणं त्यांना कृत्रिम वाटलं.

अर्ज टपालात पडल्यावर रमाबाईंनी बेरीज केली. "अहो, छप्पन्न झाले. आपल्याकडं सात आहेत."

"एकेक विद्यार्थी चारही मंडळांत असतो," मास्तर म्हणाले.

"सात चोक अठ्ठावीस. छप्पन्न म्हणजे प्रत्येक जण प्रत्येक मंडळात दोनदा आहे."

मास्तर विहिरीवर पाणी आणायला गेले.

तीन आठवड्यांनी औरंगाबादेहून शाळाखात्याच्या नाझिमसाहेबांचं पत्र आलं. येत्या गुरुवारी साहेब स्वतः शाळेच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार होते. पत्र मोठं प्रेमळ होतं. लहान गावांतल्या शाळांत विद्यार्थी नुसते घोकत बसतात, असं साहेबांनी लिहिलं होतं. त्यामुळे एका छोट्या शाळेत चार-चार अंजुमन चालतात हे वाचून आम्हाला अत्यंत खुशी झाली. चारही अंजुमनचं काम आम्ही पाहू इच्छितो.

मास्तरांनी पत्र वर्गात वाचून दाखवलं. सातही जण ऐकत होते. वाचून झाल्यावर जाफराबादकडच्या टेंभुर्णीचा पुंजाराम उठून उभा राहिला.

"मास्तर, कोणती चार मंडळं?"

मास्तरांनी सांगितलं. तेव्हा सातांनी एकमेकांना मोजून पाहिलं.

"साहेबाला खरं सांगून टाकावं," दुर्गाबाई म्हणाली. ती सातांत एकटी बाई. अठ्ठावीस वर्षांची, विधवा, बायकांच्या दवाखान्यात मदतनीस. दवाखान्यातल्या डोळ्यांच्या खोलीत तिला जागा द्यायचं कबूल झालं होतं. अट एकच, सनद मंजूर शाळेची हवी.

"खरं सांगितलं तर मंजुरी गेलीच," भालचंद्र म्हणाला. हा कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. त्याला सरकारी कागदांची रीत ठाऊक होती. "खोटी माहिती भरली म्हणून शेरा पडेल तो वेगळाच."

"मंग मी काय टेंभुर्णीला परत जाऊ?" पुंजाराम म्हणाला. "आमचा बाप वाटच पाहून राह्यला. म्हणतो, बैलांचे डोळे बी तपास म्हणा."

मास्तर खाली मान घालून उभे होते. दुर्गाबाईनं त्यांची ती मान पाहिली. मग तीच म्हणाली, "किती दिवस हायेत?"

"सहा."

"मंग बसून काय राह्यले? लागा कामाला."

कामाला लागल्यावर पहिली अडचण कळली ती अशी, की सातांपैकी लोकांपुढे तोंड उघडू शकणारा एकटा पुंजारामच होता. लहानपणापासून शेतातल्या माळ्यावर उभं राहून त्याने ज्वारीवरची पाखरं हाकलली होती. त्याचा आवाज दोन शेतं सहज ओलांडून जाई. बाकीच्यांची वाचा चार माणसं बघितली की बसत असे. भालचंद्रनं वादविवादासाठी चार पानी भाषण लिहिलं आणि तालमीत पहिल्या ओळीवरच गप्प झाला. कुंभार पिंपळगावचा बद्रीनाथ कुस्तीला उभा राहिला खरा, पण कुस्तीची सूचना देताना त्याला रडू फुटलं. त्यामुळे वादविवाद मंडळाचा चिटणीस पुंजाराम झाला, कसरत मंडळाचा वस्ताद पुंजाराम झाला आणि नाटकातला राजाही तोच झाला. सेवा मंडळ तेवढं दुर्गाबाईनं घेतलं.

"तोंड ओळखू येईल की रे," मास्तर म्हणाले.

"कपडे बदलतो ना मास्तर. एकदा शेरवानी, एकदा लंगोट, एकदा दाढी. माणूस कपड्यावरूनच ओळखू येतो."

दाढी जीनमधल्या शिल्लक कापसाची केली. ती चिकटवायला डिंक आणला. दुसऱ्या खोलीच्या दारावर चादर बांधली, म्हणजे मागे कपडे बदलता येतील. भालचंद्रनं कुठून तरी मागून आणलेली शेरवानी आणि टोपी दारालगतच्या खुंटीवर टांगून ठेवली.

गुरुवारी साडेनऊला टांगा आला. नाझिमसाहेब उंच, सडपातळ, पन्नाशीचे गृहस्थ होते. मागोमाग त्यांच्या हाताखालचा कारकून, पेशकार, कागदांचं दप्तर घेऊन उतरला. साहेब उंबरा ओलांडून आत आले, क्षणभर थांबले, मग खुंटीवरच्या शेरवानीपुढे किंचित झुकून त्यांनी आदबीनं हात कपाळाला लावला.

"आदाब अर्ज, मास्तर. आपल्या शाळेबद्दल फार ऐकलं."

शेरवानी काही बोलली नाही. पलीकडे हार घेऊन उभे असलेले मास्तर लगबगीनं पुढे झाले आणि त्यांनी शेरवानीच्या आणि साहेबांच्या मधे स्वतःला घातलं. "आदाब, हुजूर. इथून असे या."

सातही विद्यार्थ्यांनी ते पाहिलं. दोन वर्षांचं शिक्षण फुकट गेलं नव्हतं.

"दूरचं अधू हाय," दुर्गाबाई हळूच म्हणाली. "मायनस तीन तरी असंन."

भालचंद्रनं काही न बोलता साहेबांसाठी मांडलेली खुर्ची उचलली आणि थेट मागच्या भिंतीला नेऊन ठेवली. तिथून पुढच्या चौथऱ्यापर्यंत बरोबर वीस फूट होते. अंतर मोजायची गरज नव्हती. डोळे तपासायला जमिनीवर चुन्याची रेघ आखलेलीच होती. मास्तरांच्या चेहऱ्यावर सहा दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

वादविवादाचा विषय होता, 'चष्म्याने दृष्टी सुधारते की बिघडते.' पुंजारामनं शेरवानी घालून स्वागत केलं, मग स्वतःच विरुद्ध बाजूनं बोलून घेतलं. अनुकूल बाजूला भालचंद्र उभा राहिला. त्याने साहेबांकडे पाहिलं, पेशकाराकडे पाहिलं आणि त्याचे ओठ नुसतेच हलायला लागले. चादरीआड गेलेल्या पुंजारामला ते दिसलं. भाषण त्याला तालमी ऐकून पाठ झालं होतं. चादरीमागून त्याने ते धडाधड म्हणून टाकलं आणि भालचंद्र पुढे उभा राहून हात तेवढे हलवत राहिला.

साहेब मान तिरकी करून ऐकत होते. "शाबास. दोन्ही वक्ते दमदार आहेत," ते म्हणाले. "एकाच उस्तादाकडं शिकल्यासारखे."

"जी हुजूर," मास्तर म्हणाले.

पाठोपाठ कसरत मंडळ आलं. पुंजारामनं लंगोटात येऊन कुस्तीची सूचना केली आणि बद्रीनाथवर झडप घातली. कुस्ती लुटुपुटीची ठरली होती, पण बद्रीनाथला पोटाला हात लागला की गुदगुल्या होत. तो खदाखदा हसत सुटला आणि हसता हसता त्याने पुंजारामला उचलून चौथऱ्याखाली टाकलं. "अर्र तुझ्या! असं न्हाई ठरल्तं!" पुंजाराम ओरडला, आणि तो आवाज पत्र्याला लागून परत आला.

साहेबांनी पुन्हा मान तिरकी केली. पेशकार त्यांच्या कानात काही सांगायला वाकला, पण साहेबांनी हातानंच त्याला थांबवलं.

आता सेवा मंडळ. दुर्गाबाई पदर सावरून पुढे आली. मंडळ गोरगरिबांचे डोळे कसे तपासतं ते ती एका विद्यार्थ्याला रोगी करून दाखवणार होती. तिने नीट, हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात साहेब म्हणाले, "बाई, खोटा रोगी कशाला? माझे डोळे तपासा."

मास्तर उभे होते ते बसले.

"मला तसं बिलकुल नीट दिसतं," साहेब पुढे म्हणाले. "कागद जवळ धरला की मोत्यासारखी अक्षरं दिसतात. पण मागल्या महिन्यात एका गावी मी शाळेच्या खांबाला सलाम केला. मुलं हसली. हे पेशकार म्हणतात, नाही हसली. मला हसल्यासारखं ऐकू आलं."

पेशकारानं दप्तराची गाठ तपासायला घेतली.

तपासणीची लोखंडी फ्रेम काचांच्या पेटीत आतल्या खोलीत होती. ती आणायला दुर्गाबाई चादरीमागे गेली, आणि तिच्या मागोमाग मास्तर गेले. पुंजाराम मागच्या अंगणात विहिरीवर अंगाची माती धूत होता. मास्तर कुजबुजले, "दुर्गाबाई, दीडवर थांबा."

"साहेबाला तीन लागन असं दिसतंय."

"दीडानंही बरं वाटेल त्यांना. थोडं सुधारलं की माणूस खूश होतो. अजून नाटक व्हायचंय हो!"

दुर्गाबाईनं पेटी छातीशी धरली. मास्तरांच्या म्हणण्यात काय आहे ते तिला कळत होतं. साहेबांना लख्ख दिसलं तर मंजुरी जाणार, आणि मंजुरी गेली की डोळ्यांच्या खोलीतली जागाही जाणार. पुन्हा दवाखान्याच्या पायऱ्या झाडणं होतंच. पण ती म्हणाली, "मास्तर, मंग मला सनद कशाची मिळन? माणसाला अर्धं दिसू देण्याची?"

उत्तराची वाट न पाहता ती पेटी घेऊन बाहेर गेली.

तक्त्यासमोर साहेब शहाण्या मुलासारखे बसले. दुर्गाबाई एक एक काच घाली, विचारी, "आता? आधीचं चांगलं का हे?" आणि साहेब प्रामाणिकपणे सांगत. एकावर वरच्या दोन ओळी आल्या. दीडावर अजून एक आली. तिथे मास्तरांनी खोकून पाहिलं. दोनवर, अडीचवर ती पुढे जात राहिली. तीनची काच पडली तशी साहेबांनी शेवटची बारीक ओळ न अडखळता वाचली.

मग त्यांनी मान वर केली. "आढ्याला ते काय आहे?"

"पाल हाय, साहेब," दुर्गाबाई म्हणाली.

"दोन आहेत," साहेब म्हणाले. पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून ऊन येत होतं. ती भोकं त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहून घेतली. मास्तरांचा चेहरा पाहिला, बराच वेळ पाहिला. मग फ्रेम न काढता ते वीस फुटांवरच्या त्याच खुर्चीत सावरून बसले. "आता नाट्य मंडळ येऊ द्या."

विहिरीवरून परतलेल्या पुंजारामला यातलं काही ठाऊक नव्हतं. कापसाची दाढी लावून, रमाबाईंची जांभळी शाल पांघरून तो डरकाळी फोडत आला, "कोण आहे रे तिकडे!" आणि त्याला समोर साहेब दिसले. साहेबांच्या नाकावर फ्रेम होती. फ्रेममागचे दोन डोळे आधी त्याच्या दाढीवर, मग त्याच्या गुडघ्यावर ओल्या राहिलेल्या कुस्तीच्या मातीवर स्थिरावले. आयुष्यात पहिल्यांदा पुंजारामचा आवाज फुटेना. डाव्या बाजूची दाढी सुटून लोंबायला लागली.

बाजूला प्रधान झालेला भालचंद्र उभा होता. राजा बोलत नाही म्हटल्यावर तो ताडकन पुढे आला आणि खणखणीत बोलला, "महाराज, आपली तब्येत बरी दिसत नाही. राज्याचं काम आज मी पाहतो!" हे नाटकात नव्हतं. पण त्याने राजाला धरून पाटावर बसवलं आणि राजाचंही, प्रधानाचंही, दोन्ही बोलणं एकट्यानं चालू केलं.

मास्तरांना मात्र आता बसवेना. ते हात जोडून उठले. "हुजूर, मला एक अर्ज करायचाय. ही मंडळं…"

"बसा, मास्तर," साहेब नजर न हलवता म्हणाले. "दरबार चालू आहे."

दरबार संपला. रमाबाईंनी चहा आणि चिवडा आणला. सातही जण रांगेत उभे राहिले. त्यांतला एक अर्ध्या दाढीत होता. साहेबांनी आधी चहा शांतपणे संपवला.

"मास्तर, दूरचं दिसत नसलं की माणूस कानांनी बघतो," ते म्हणाले. "जाफराबादकडचा हा हेल मी पहिल्या भाषणाला ऐकला. दुसऱ्या भाषणाला तोच आला, तेव्हा वाटलं भाऊ असतील. कुस्तीतही ऐकला तेव्हा ठरवलं, हे कुटुंब काही एवढं मोठं नसणार."

"मग हुजूर, तेव्हाच का नाही…"

"मुआयना पुरा करायचा असतो. आणि या बाईंना ठाऊक होतं ना, की नाटक बाकी आहे?" त्यांनी दुर्गाबाईकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "ठाऊक असून त्यांनी मला पुरी नजर दिली. अठरा वर्षं मी शाळा तपासतोय. ही गोष्ट लिहायला माझ्या फॉर्मात रकानाच नाही."

त्यांनी पेशकाराकडून अर्ज मागवला. चारही मंडळांवर काट मारली, शेजारच्या आकड्यांवर मारली, आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : अंजुमन एक, सदस्य सात. खाली मंजुरीची शिफारस लिहिली आणि शिक्का उमटवला. मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं, पण रमाबाईंनी त्यांच्यापुढे चिवड्याची बशी धरली.

टांगा स्टेशनकडे गेला. मग रांग मोडली. बद्रीनाथ पुन्हा हसायला लागला. या वेळी त्याला कोणी हात लावला नव्हता. दुर्गाबाई काचांची पेटी आवरायला बसली, आणि थोड्या वेळानं तिने मान वर केली.

"फ्रेम कुठं हाय?"

फ्रेम नाझिमसाहेबांच्या नाकावर होती. शाळेत तशी एकच होती. ती नसेल तर मंजूर झालेल्या शाळेत एकाही माणसाचा डोळा तपासता आला नसता, आणि उद्या बाजाराचा दिवस, खेड्यांतून वीस-पंचवीस माणसं येणार होती.

"पुंजाराम, पळ!" मास्तर म्हणाले. "गाडीला अजून अवकाश आहे. जल्दी जा, अदबीनं सांग."

पुंजाराम शालीसकट पळाला. स्टेशनात शिरला तेव्हा गाडी लागलेली होती आणि साहेब डब्यापाशी उभे होते. पण ते गाडीकडे बघतच नव्हते. फलाटाच्या दुसऱ्या बाजूच्या रुळांवर मालगाडी उभी होती, आणि तिच्या डब्यांवरचे आकडे ते एकामागून एक मोठ्यानं वाचत होते. मग त्यांनी फलाटाच्या टोकाच्या पाटीवरचं गावाचं नाव वाचलं, उर्दूतलं, मग मराठीतलं.

"आणि ते तिकडं बघा, पेशकारसाहेब," ते म्हणाले. "टेकडीवर. शेळ्या आहेत."

"जी हुजूर. आठ."

"नऊ. एक झुडपामागं आहे."

पुंजारामनं डोळ्यांवर हात धरून टेकडीकडे पाहिलं. उभा जन्म शेतं राखण्यात गेला होता. त्याने मोजल्या. नऊच होत्या. साहेबांच्या तोंडावर दिसत होतं ते हसू असं होतं, की पुंजारामनं "साहेब" म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं. तो तसाच पावलं न वाजवता मागे सरकला आणि फाटकातून बाहेर पडला.

शाळेच्या दारात मास्तर वाट बघत उभे होते. पुंजारामचे हात रिकामे होते.

"काय झालं रे?"

"गाडी गेल्ती मास्तर," पुंजाराम म्हणाला. "मी पोचलो अन् गाडी गेल्ती."

तेवढ्यात स्टेशनवरून गाडी सुटल्याची शिटी झाली. चांगली लांबलचक झाली. मास्तरांनी पुंजारामकडे पाहिलं. पुंजारामनं दाढीचा उरलेला कापूस उपटायला घेतला.

"हं. गेली असेल," मास्तर म्हणाले. "चल आत. उद्यासाठी तारेची एखादी फ्रेम वाकवता येते का बघू."